बत्तीसचं पान

भिंतीला चीर दिसली त्या दिवशी
उद्यमनगरातून येताना फिलर गेज खिशात घालून आणला.
बावीस थाऊ.
पेन्सिलीनं तारीख टाकली चिरेशेजारी,
पोरांची उंची लिहितात तशी.
संक्रांतीला एकतीस.
तोवर न्हाणीतली फरशी मधोमध फुगलेली,
खाली कुणीतरी गुडघा वर करून झोपलंय.

जवाहरनगरात आमच्या आणि मगदूमांच्या मध्ये
नऊ इंची भिंत, आणि पलीकडे उंबर.
कुणी लावला नाही. पाखरानं टाकला.
जिनगोंडा मगदूम होते तेव्हा
दर उन्हाळ्यात म्हणायचे, काढू या, काढू या.
ते गेले. तो राहिला.

मोरी तुंबली तेव्हा दस्तगीर आला,
कोपरापर्यंत हात घालून म्हणाला,
"मिस्त्री, आत कायतरी जित्तं हाय."
आणि ओढत राहिला, ओढत राहिला.
चार फूट मूळ निघालं.
आतून नुसता केसांचा गुंता, पण बाहेरून गोल,
कप्लिंगच्या जागी कॉलर, एल्बोच्या जागी बाक.
मी तीस वर्षं लेथवर. वर्निअर लावला.
चार इंच. कुठंही लावा, चार इंच.
असं कास्टिंग शिरोलीच्या फौंड्रीत
पहिल्या फटक्यात येत नाही.

राग होता, खोटं का बोला.
ते तसंच ठिबकतं खांद्यावर टाकून
भिंतीला वळसा घालून गेलो.
सुशीलाक्कांचं अंथऊ उरकत आलं होतं,
ऊन कट्ट्यावरून उतरायच्या आत शेवटचा घास.
ताटात बटाटा नाही, कांदा नाही,
जमिनीखालचं काहीच नाही.
त्यांनी हात धुतला, मुळाकडं पाहिलं
चुकार वासरू ओळखावं तसं.
"आमचंच हाय," म्हणाल्या.
मग थोड्या वेळानं,
"पर पाणी तुमचं पिलंय."

मी म्हटलं, घराच्या मुळावर उठलंय, अक्का.
"ह्याचं फळ आमच्यात चालत न्हाई,
आत जीव असत्यात.
मूळ तोडायचं म्हटलं तर त्येला बी जीव.
मी काय करू, तुमीच सांगा."
मी काय सांगणार? माझी आई
गुरुवारी ह्याच भिंतीला हात टेकून
पलीकडच्या उंबराला नमस्कार करायची,
वाडीला जायला गुडघे राहिले नव्हते म्हणून.
त्यांचा धर्म निराळा, आमचा निराळा,
आणि मोरी ढिम्म.

शेवटी रविवारी चर खणला, भिंतीलगत, अडीच फूट.
तीन एमएमचा पत्रा मी आणला.
निम्मे पैसे अक्कांनी मोजून दिले,
त्यातली एक वीसची नोट फाटकी निघाली,
ती संध्याकाळी आठवणीनं बदलून दिली.
मनगटाएवढी मुळं आडवी आली.
"किती?" अक्कांनी विचारलं.
"तीन."
त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या, ओठ हलत होते.
मी कपाळाला हात लावला आणि हॅक्सॉ चालवला.
पांढरा चीक आला, दाटसर.
ब्लेडच्या दात्यांत बसलाय,
रॉकेलनं पुसला तरी पुरता निघत नाही.

पायपाच्या मापाचं ते मूळ
लेथमागच्या खिळ्याला टांगलंय.
वाळून हलकं झालंय, पंख्याच्या वाऱ्यानं फिरतं.
नवं पोरगं विचारतं,
"मिस्त्री, हा जॉब कुठल्या पार्टीचा?"
शेजारच्या, म्हणतो मी.

चिरेजवळ आता तारीख लिहीत नाही.
पण गेज खिशात असतो.
महिनाभर एकतीसचं पान जायचं,
बत्तीसचं अडायचं.
आज सकाळी पलीकडं अक्का
उंबराच्या बुंध्याशी पाणी घालत होत्या,
गाळलेलं, तांब्या तांब्यानं.
बत्तीसचं पान
जरा घासलं,
गेलं.